सम संख्येची फुलं

माझा नवरा मेला ही बातमी मला शेजारच्या त्सोनाकडून कळली. तेव्हा तो आत स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत होता.

त्सोना दारात उभी होती. डोक्याला काळा रुमाल, हातात पांढरी फुलं. मी आधी फुलं मोजली. आमच्याकडे जिवंत माणसाला विषम संख्येची फुलं देतात आणि मेलेल्याला सम, त्यामुळे फुलं घेऊन कोणी आलं की तोंडाआधी देठांकडे लक्ष जातं. चार होती.

"नेदा, धीर धर गं," ती म्हणाली. "देव त्याला क्षमा करो."

"कोणाला?"

"असं करू नकोस. रडून घे. आत दाबून ठेवलं की छातीत बसतं. माझ्या बहिणीचं तेच झालं."

"नेदा, मीठ कुठं ठेवलंयस?" आतून रांगेल ओरडला.

त्सोनाने माझ्या खांद्यावरून आत वाकून पाहिलं. रांगेल सुरी हातात घेऊन कपाटं उघडत होता, अंगात बनियन, पायात माझ्या सपाता. तिला आनंद झाला असेलच, पण चेहऱ्यावर आधी राग आला. फुलांसाठी उन्हातून अर्धं गाव फिरून आली होती बिचारी.

"मग बसस्टॉपच्या खांबावर काय लावलंय?" तिने विचारलं.

खांबावर काय लावलंय ते बघायला मी तशीच गेले. आमच्या स्तारा बान्यात माणूस गेला की घरचे त्याचा फोटो छापून खांबांवर, झाडांवर, दारांवर चिकटवतात. फोटो, नाव, कधी आणि कुठे जमायचं. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. गावात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचे चेहरे जास्त ओळखीचे आहेत. त्या चेहऱ्यांच्या मधोमध, विधवा पेनावाच्या शेजारी, माझा नवरा लावलेला होता.

झालं होतं ते असं. दर जुलैत आमच्याकडे रोमन उत्सव असतो. गावाला तटबंदी आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, टेकडीच्या पोटात दगडी नाट्यगृह आहे, आणि या सगळ्याचं वर्षातून एकदा काहीतरी करावं लागतं. बँकेतली मुलं सैनिक होतात, बेकरीवाल्या बायका पुजारिणी होतात, आणि एक जण सम्राट होतो. गेली काही वर्षं सम्राट दातांचे डॉक्टर होते. गेल्या वर्षी ते रथातून पडले आणि त्यांनी राजीनामा दिला. म्हणून या वर्षी रांगेल. जन्मभर त्याने त्याच नाट्यगृहाची राखण केली, निवृत्त झाला तरी रोज एक चक्कर मारून येतो. पायऱ्यांवरून पाय कुठे निसटतो ते त्याला ठाऊक आहे. रथ नको, चालत येईन, या अटीवर तो तयार झाला.

पोस्टर छापलं बोझिलने. गावात छापखाना एकच, त्यामुळे लग्नं, मयतं आणि सम्राट सगळे तिथेच छापले जातात. बोझिलची रंगीत शाई संपली. पोस्टरभोवती द्राक्षवेलींची महिरप होती, ती नुसती काळी, जाड चौकट होऊन बाहेर आली. फोटो ओळखपत्रावरचा, ज्यात रांगेल तसाही फारसा जिवंत दिसत नाही. खाली मोठ्या अक्षरांत नाव. त्याखाली 'शनिवार, सायंकाळी सात, प्राचीन नाट्यगृह'. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'सम्राटाच्या भूमिकेत'. ती ओळ वाचायला चष्मा लागतो, आणि असा कागद चष्मा लावून कोणी वाचत नाही. फोटो बघायचा, हळहळायचं, पुढे जायचं.

"आम्हाला वाटलं, तिथे नोकरी केली म्हणून नाट्यगृहातूनच मानाने अंत्ययात्रा काढणार," त्सोना म्हणाली. ती माझ्यामागे आली होती, फुलं तशीच हातात. "मला तर बरंच वाटलं. म्हटलं, गावाने कदर केली."

"आता सगळ्यांना सांग, तो आहे म्हणून."

"सांगते." ती फुलांशी चाळा करत राहिली. "पण वेल्कोला मी सकाळीच फोन केला. तो येतोय. उद्याच्या बसने."

मी तिथेच बसस्टॉपच्या बाकावर बसले.

वेल्को म्हणजे रांगेलचा धाकटा भाऊ. दोघांची घरं एकाच अंगणात पाठीला पाठ लावून होती. एका वसंतात वेल्कोने दारूच्या पिंपांसाठी तळघर खणायला घेतलं आणि कंबरभर खोलीवर त्याला दगड लागला. चौकोनी, वर कोरलेल्या तीन नाचणाऱ्या जलदेवता. वेल्कोने तो रांगेलला दाखवला. भाऊ म्हणून दाखवला. आणि रांगेल पडला नाट्यगृहाचा राखणदार, सरकारी टोपीवाला. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी वेल्को झोपेतून उठायच्या आत संग्रहालयाची माणसं घेऊन अंगणात हजर झाला.

चूक बरोबर मी ठरवत नाही. दगड सरकारजमा करायचाच असतो, हे वेल्कोलाही माहीत होतं. पण त्याला विचारलं नाही. अंगणाला दोरी बांधली गेली, तीन उन्हाळे ब्रशने माती झाडत पोरं बसली, तळघर राहिलंच, आणि खड्ड्यामुळे वेल्कोची मागची भिंत तडकली. तो घर विकून रूसेला मुलीकडे निघून गेला. जाताना फाटकात उभा राहून म्हणाला, "आता तुझ्या मयतालाच येईन." रांगेलने उत्तर दिलं, "तेव्हा ये, मी अडवणार नाही." दोन्ही बैल एकाच गोठ्यातले. त्यानंतर ना फोन, ना ईस्टरची अंडी, ना नामदिवसाचा निरोप. वेल्कोची बायको गेली तेव्हा मी एकटी रूसेला जाऊन आले. रांगेल त्या दिवशी इथे कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत बसला होता. खुराडं धडधाकट होतं.

घरी येऊन मी सांगितलं. रांगेलची सुरी टोमॅटोत अर्ध्यावर थांबली.

"फोन करते त्याला," मी म्हणाले. "उगाच एवढ्या लांबून यायचा."

"फोन ठेव."

"अरे, तो तुझ्या मयताला येतोय."

"माहीत आहे. तेच तर म्हणाला होता तो." त्याने टोमॅटो पुरा चिरला. मग दुसरा घेतला. "तू सांगितलंस तर वाटेतून मागे फिरेल. मी ओळखतो त्याला. बसमधून उतरेल आणि रस्ता ओलांडून उलटी बस पकडेल."

"आणि इथे येऊन तुला बघितलं तर?"

"तर शिव्या देईल."

"आणि मग?"

"इथे उभा राहून देईल ना," रांगेल म्हणाला. आणि जेवढे टोमॅटो होते तेवढे सगळे चिरून टाकले. दोन माणसांना एवढी कोशिंबीर कशाला, हे मी विचारलं नाही. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि मी मीठ शोधून दिलं.

शनिवारपर्यंत रांगेल जिवंत असल्याची बातमी गावाला कळली, पण सगळ्यांना एकाच वेळी नाही. दुपारपर्यंत लोक येत होते. रांगेल स्वतःच दार उघडत होता, त्यामुळे सांत्वन थोडक्यात आटोपत होतं. काहींनी फुलं परत नेली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने रकिया दारूची बाटली आणली होती, ती परत न्यायची त्याला लाज वाटली, म्हणून दोघांनी बसून घेतली. न्हावी पहिला घोट जमिनीवर ओतायला गेला, मेलेल्यांसाठी ओततात तसा, आणि मग रांगेलकडे बघून त्याने स्वतःच पिऊन टाकला. मी मात्र दिवसभर एकच ठरवलं होतं. खोटं बोलायचं नाही. वेल्कोने विचारलं तर खरं तेवढंच सांगायचं, फक्त सगळं सांगायचं नाही.

बसस्टॉपवर मी एकटीच गेले. काळा झगा घातला, कारण माझा चांगला झगा तोच आहे.

वेल्को उतरला तेव्हा मी त्याला ओळखायला चुकले. पाठीत वाकला होता. जाड कोट, जुलैमध्ये. एका हातात झाकण बांधलेला डबा, दुसऱ्या हातात लाल कार्नेशन. सहा. मी मोजली.

"वहिनी," तो म्हणाला.

"चला भाऊजी. सात वाजतात तिकडे."

आम्ही चढण चढायला लागलो. थोडं चालल्यावर तो म्हणाला, "फार त्रास झाला का?"

"त्याला नाही. मला झाला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना कोणी विचारलंच नाही."

त्याने मान डावी-उजवीकडे हलवली. आमच्याकडे त्याचा अर्थ 'बरोबर आहे' असा होतो. "तो कधी जायचाच नाही डॉक्टरकडे," तो म्हणाला. पुन्हा काही पावलं. "माझ्याबद्दल काही बोलायचा?"

"रोज. जेवताना."

"काय?"

"शिव्याच जास्त," मी म्हणाले. "पण नाव घेऊन."

वेल्को तटबंदीच्या दगडाला हात लावून उभा राहिला. दम लागला होता, एवढंच कारण असेल. मी त्याच्या हातातला डबा घेतला. उन्हाने तापला होता, आत काय ते वासावरून कळलं. उकडलेले गहू, साखर, अक्रोड. मेलेल्याच्या नावाने वाटतात ते. बायको नाही, मुलगी नोकरीवर, म्हणजे याने स्वतः रात्री उठून शिजवले असणार. त्या क्षणी सगळं सांगून टाकावं असं माझ्या तोंडापर्यंत आलं. पण रूसेकडे जाणारी उलटी बस मला तिथूनही दिसत होती.

नाट्यगृह भरलेलं होतं. लोक घरून उशा आणून पायऱ्यांवर बसले होते, सूर्यफुलाच्या बिया सोलत होते, बिअर पीत होते. कुठेतरी झुरना, आमची सनई, वाजत होती.

"लाज नाही लोकांना," वेल्को म्हणाला.

"ऊन फार आहे," मी म्हणाले.

बँकेतली पोरं प्लास्टिकची शिरस्त्राणं घालून आमच्या समोरून गेली. एकाने भाला काखेत धरून आइसक्रीम खाल्लं. वेल्को बघत राहिला. "हे कोण?"

"मानवंदनेला आलेत." हेही खोटं नव्हतं. सम्राटाला मानवंदना तेच देणार होते.

मग त्याला दगड दिसला. रंगमंचाच्या कडेला, दोन खांबांच्या मध्ये ठेवलेला, तीन जलदेवता लोकांकडे तोंड करून. वेल्को तडक निघाला. पायऱ्या उतरला, मधली दोरी उचलून खालून गेला आणि दगडावर जाऊन बसला. डबा माझ्याकडेच होता, त्याच्या हातात फुलं होती, ती मांडीवर ठेवली.

संग्रहालयाची मुलगी शिट्टी वाजवत धावत आली. "आजोबा, उठा! इथे बसायचं नाही. हा दुसऱ्या शतकातला आहे."

"असेल. माझ्या अंगणातला आहे."

"आजोबा, कार्यक्रम सुरू होतोय."

"होऊ दे. मी माझ्या भावासाठी आलोय. मी इथेच बसणार."

तेवढ्यात तुताऱ्या वाजल्या. गावाच्या अग्निशमन दलाचा बँड, त्यांना एकच धून येते. आणि मागच्या कमानीतून माझा बैठकीतला लाल पडदा अंगावर गुंडाळून, डोक्यावर तेजपानांचा मुकुट घालून माझा नवरा आला. पायऱ्यांवर पाय जपून ठेवत, एक-एक.

वेल्को उठला नाही, ओरडला नाही. मी फक्त त्याचे हात बघितले. फुलांची देठं त्याने इतकी आवळली की बोटं पांढरी पडली.

नाटकात सम्राटाला फारसं काम नव्हतं. त्याने गरम पाण्यात आंघोळ करून बरं व्हायचं आणि मग हात वर करून म्हणायचं, 'या नगराला मी तट देतो, नाट्यगृह देतो, आणि झऱ्यांवर सर्वांचा हक्क ठेवतो.' तीन आठवडे हे वाक्य मी भांडी घासताना ऐकत होते. झोपेतही ते म्हणायचा. रांगेल रंगमंचाच्या मध्यावर आला, हात वर केला आणि त्याला दगडावर बसलेला माणूस दिसला. शिट्टीवाली मुलगी वेल्कोची बाही ओढत होती.

"बसू दे त्याला," सम्राट म्हणाला.

हे संहितेत नव्हतं. इतिहासाच्या शिक्षिका पडद्यामागे पानं उलटायला लागल्या.

"दगड त्याचा आहे," रांगेल म्हणाला. हात अजून वरच होता. नाट्यगृह दोन हजार वर्षांपूर्वी असं बांधलंय की मध्यावर उभं राहून कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेला ऐकू येतं. तो कुजबुजत नव्हता. "सरकारला द्यायचा होताच तो. पण आधी त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ती चूक माझी."

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. सम्राट जमिनी परत करतोय. वरच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्सोना मात्र रडायला लागली, तिला सगळी हकीकत माहीत होती. मीही रडले. उगाच का नाकारायचं.

वेल्को उठला. रांगेलच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"तू मेलायस म्हणून मी आलो," तो म्हणाला. हेही शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

"माहीत आहे."

"मी म्हणालो होतो, मयतालाच येईन."

"मग शब्द पाळलास की. लोक आलेत, फुलं आलीत, बँड आलाय. मरायचं तेवढं एकच राहिलंय."

वेल्कोने त्याच्याकडे खालून वर बघितलं, सपाता, पडदा, तेजपानं. मग वळला, दोरीखालून गेला आणि पायऱ्या चढून बाहेर चालू लागला. रांगेलने एक पाऊल टाकलं, पण पडद्यात पाय अडकला आणि बँड पुन्हा वाजायला लागला. मग त्याने नगराला तट दिला, नाट्यगृह दिलं. आवाज इतका बारीक होता की या वेळी दगडी रचनेचाही उपयोग झाला नाही. झऱ्यांचं विसरलाच. गेला, मी मनात म्हणाले. गेला रूसेला.

कार्यक्रम संपायची वाट न बघता मी बाहेर आले. वेल्को नाट्यगृहाच्या फाटकाजवळच्या खांबापाशी उभा होता. चष्मा लावून पोस्टर वाचत होता, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून.

"सम्राटाच्या भूमिकेत," त्याने वाचलं.

"हो."

"बारीक लिहिलंय."

"बोझिलची शाई संपली होती."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तुम्ही खोटं बोललात."

"आठवून बघा भाऊजी. एक शब्दही नाही."

तो आठवत राहिला. बहुधा डॉक्टरांपाशी येऊन थांबला, कारण त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यात मागून रांगेल आला, पडदा हातात गोळा केलेला, धापा टाकत. तो आमच्यापासून चार हातांवर थांबला. पुढे यावं की नाही हे त्याला कळेना, आणि मुकुट काढायचं सुचेना.

वेल्कोने त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "शेवटची बस किती वाजता आहे?"

"गेली," मी म्हणाले.

बस खाली स्टॉपवर उभी होती, ड्रायव्हर कलिंगड खात होता. दिवसभरात मी बोललेलं एवढंच खोटं. वेल्कोने वळून खाली बघितलं. बस त्याला दिसली, हे मला दिसलं. त्याने मान डावी-उजवीकडे हलवली.

"गहू केलेत," तो म्हणाला. "उन्हात आंबतील."

"अक्रोड घातलेस?" रांगेलने विचारलं.

"घातले."

"आई दालचिनी पण घालायची."

"पहिला माणूस बघतोय," वेल्को म्हणाला, "जो स्वतःच्या गव्हांना नावं ठेवतो, दादा."

दादा हा शब्द त्याच्या तोंडून निसटला. दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

मी डबा उघडला. चमचे नव्हते, हातानेच खाल्लं, तिथेच खांबाखाली, विधवा पेनावाच्या समोर, ती याही खांबावर होती. दालचिनी खरंच हवी होती. घरी जायला निघालो तेव्हा वेल्कोच्या लक्षात आलं की फुलं अजून त्याच्याच हातात आहेत. त्याने ती रांगेलपुढे धरली आणि मग मागे घेतली. एक-एक मोजली. सहातलं एक ओढून काढलं, पाच रांगेलच्या हातात दिली. हातात उरलेलं एक घेऊन तो क्षणभर इकडेतिकडे बघत राहिला आणि मग ते त्याने मला दिलं.

मी मोजलं. एकच होतं. एक हीसुद्धा विषम संख्या आहे.